विझलेले पाईप

छंद म्हटला की पोस्टाची तिकिटे, नाणी, फार तर काड्यापेट्यांचे छाप एवढीच नावे आपल्यापुढे येतात. मी तंबाखूचे जुने पाईप जमवतो असे सांगितले की ऐकणारा प्रथम माझ्या ओठांकडे पाहतो. म्हणून आरंभीच सांगून टाकतो, मी धूम्रपान करीत नाही. माझ्या आजीने तीस वर्षे विड्या वळल्या आणि माझे थोरले चुलते तंबाखूपायी तोंडाच्या कर्करोगाने गेले. पाईपचा धूर छातीत घेत नाहीत, सबब तो निरुपद्रवी, असा एक साळसूद समज आहे. तोंडाच्या आणि घशाच्या कर्करोगाचा धोका पाईपनेही असतोच. मग या वस्तूंचा नाद कशासाठी? त्यासाठी आधी वस्तू नीट पाहावी लागेल.

माझ्याजवळ आज अकरा पाईप आहेत. बहुतेक पुण्याच्या जुन्या बाजारात, गंजलेले पाने, बिजागऱ्या आणि चष्म्यांच्या फ्रेमा यांच्या ढिगातून मिळालेले. त्यांतले नऊ ब्रायर लाकडाचे आहेत. हे लाकूड खोडाचे नव्हे. भूमध्य समुद्राच्या काठी एरिका आर्बोरिया नावाचे झुडूप वाढते, त्याच्या मुळाशी धरणारी ही गाठ. ती तासन्‌तास उकळायची, मग महिनोन्‌महिने सुकवायची, तेव्हा कुठे ती कातण्याजोगी होते. आतल्या निखाऱ्याने सहजी जळत नाही, हा तिचा मोठा गुण. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फ्रान्समधील सेंट-क्लोद या डोंगरी गावात तिचे पाईप होऊ लागले. ते गाव यात्रेचे. तेथले कारागीर आधीपासूनच जपमाळेचे मणी आणि लाकडी खेळणी कातीत असत. हात तयार होता, फक्त माल बदलला.

ब्रायरच्या आधी युरोपात मातीचे पाईप होते. स्वस्त, ठिसूळ, मोडले की फेकायचे. इतिहासाच्या विद्यार्थ्याला खरी गंमत वाटावी ती यांचीच. अमेरिकेत जेम्सटाउन येथील उत्खननात अशा मोडक्या नळ्यांचे असंख्य तुकडे मिळाले. जे. सी. हॅरिंग्टन या संशोधकाने १९५४ साली दाखवून दिले की, नळीतले छिद्र काळानुसार लहान होत गेले आहे. सतराव्या शतकाच्या आरंभी ते इंचाचा ९/६४ असे, तर अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात ४/६४. मोजायला त्याने काय वापरावे? ड्रिलच्या साध्या पात्या! वडिलांना हे सांगितले तेव्हा त्यांनी मान डोलावली. ते भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये टर्नर आहेत. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिला. माझ्या अभ्यासातली एखादी गोष्ट वडिलांच्या कामातली निघावी, असे त्यापूर्वी घडले नव्हते.

आपल्याकडेही तंबाखूच्या नळीची एक नामांकित हकिगत आहे. असद बेग हा अकबराचा सरदार विजापूरहून परतला तो तंबाखू घेऊनच, १६०४-०५ च्या सुमारास. सोबत रत्नजडित, मीनाकाम केलेली नळी होती आणि तिच्या तोंडाला यमनी अकीक बसवलेला होता. हकिमाने हरकत घेतली, तरी बादशहाने झुरके घेतलेच. पुढे जहांगिराने १६१७ मध्ये तंबाखूवर बंदी घातली. ती कितपत पाळली गेली हे आपण जाणतोच.

आता दुरुस्तीचे सांगतो, कारण माझा खरा वेळ त्यातच जातो. पाईपची दांडी रबर आणि गंधक यांपासून केलेल्या व्हल्कनाइटची असते. उजेड आणि हवा लागून ती हिरवट-तपकिरी होते व तिला उग्र वास सुटतो. ती पिळत पिळत हलकेच सोडवायची आणि ४०० नंबरच्या वॉटर पेपरपासून २००० पर्यंत पाण्यात घासत जायची. वाटीतली काजळी बोथट पात्याने खरवडायची, पण सगळी नाही. पातळ थर मी राखतो. तो कुणीतरी वर्षानुवर्षे बसवलेला असतो, माझा नव्हे. मग वाटीत मीठ भरून वर मेडिकलमधले आयसोप्रोपिल अल्कोहोल सोडायचे. सकाळी मीठ चहासारखे तांबूस झालेले दिसते. शेवटी कार्नोबा मेणाचा हात. हे मेण ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरचे. मेण चढले की लाकडाच्या रेषा अशा उजळतात की रात्रीचे अकरा वाजल्याचे कळत नाही.

ठशांवरून मात्र कागद कधीही फिरवू नये. ठसे हीच पाईपची जन्मपत्रिका. चांदीच्या कड्यावर नांगर असेल तर तपासणी बर्मिंगहॅमची, शेजारच्या अक्षरावरून वर्ष कळते. डब्लिनच्या पीटरसन कंपनीच्या एखाद्या पाईपवर ‘आयरिश फ्री स्टेट’ असे असते. ते राज्य १९२२ ते १९३७ एवढेच टिकले. एका देशाचे बदलते नाव असे लाकडावर उमटलेले असते!

आजीला हे ठसे एकदा वाचून दाखवले. तिने विचारले, “ह्यात करणाऱ्याचं नाव कंचं?” मी सांगितले, हे दुकानाचे, हे गावाचे. “मंजी आमच्यावानीच,” ती म्हणाली. हजारी दराने तिने वळलेल्या लाखो विड्यांवर मालकाचे लेबल लागे. सतराव्या शतकातल्या इंग्रज कुंभारांपैकी काही जण मातीच्या पाईपच्या टाचेवर आपली आद्याक्षरे उमटवीत. कारखाने आल्यावर बहुतेक ठिकाणी कंपनीचेच नाव उरले. सेंट-क्लोदला माझा एखादा पाईप कातणाऱ्या माणसाचे नाव मला कधीच कळणार नाही. पण कुठे त्याचे हत्यार किंचित घसरले ते भिंगातून दिसते, आणि वडील त्यावर बोट ठेवून सांगतात, “घाईत होता बघ, पाळी संपत आली असणार.”

सध्या एका पाईपला दांडीच नाही. फाउंटन पेनसाठी मिळते ती एबोनाइटची कांडी मी आणून ठेवली आहे. छिद्र मधोमध सरळ पाडायचे, तोंडाशी ते पंख्यासारखे रुंद करायचे आणि खुंटी अशी कातायची की वाटीच्या भोकात ती घट्ट बसावी, पण लाकूड तडकू नये. वडिलांनी मापे घेतली आहेत. साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी शेजारच्या लेथवर बसू, असे ते म्हणाले आहेत.