पाणमोट कोणाची?

सोनोग्राफीचा रिपोर्ट घरी आला की चर्चा पाण्यावर येते. ‘पाणी कमी आहे’ म्हटलं की कुणीतरी वडीलधारं माणूस तांब्या पुढे करतं. बाळाभोवतीची पाणमोट आईच्याच शरीराचा भाग, हे त्यात गृहीतच असतं. वस्तुस्थिती उलट आहे: गर्भाशय आईचं, पण पिशवी बाळाची.

फलनानंतर साधारण ८व्या दिवशी, गर्भ गर्भाशयाच्या अस्तरात रुतत असतानाच, त्याच्या पेशींमध्ये एक बारीक पोकळी तयार होते. तिच्याभोवतीचं आवरण म्हणजे अ‍ॅम्निऑन. बाहेरचं आवरण कोरिऑन. त्याला फुटलेल्या अंकुरांपासून वारेचा बाळाकडचा भाग घडतो. दोन्ही आवरणं मूळ त्याच फलित बीजाची. म्हणून तर या अंकुरांचा कण तपासून डॉक्टरांना बाळाची गुणसूत्रं पाहता येतात.

पाणी सुरुवातीला आईच्या रक्तातून पाझरतं, हे खरं. चौथ्या-पाचव्या महिन्यापासून मात्र ती मुख्यतः बाळाची लघवी असते. नाक मुरडायचं कारण नाही. बाळाच्या रक्तातला कचरा वारेतून आईकडे जातो. बाळ हे पाणी गिळतं, श्वासाबरोबर आत-बाहेर करतं आणि त्यावरच त्याची फुफ्फुसं वाढतात. पाणी लवकर आटलं तर ती खुरटतात. आईनं भरपूर पाणी प्यायल्यानं थोडा फरक पडतो, पण बाळाच्या मूत्रपिंडातच दोष असेल, तर तांब्यानं काही होत नाही.

गर्भाला बलकाचीही पिशवी असते. माणसाच्या गर्भाला त्यातून पोसायचं नसतं, म्हणून ती उगाच उरलेली, असं वाटतं. पण पहिल्या रक्तपेशी तिसऱ्या आठवड्यात तिच्याच भिंतीत तयार होतात.

जुळ्यांच्या बाबतीत तर घरात पैजा लागतात. ‘पिशव्या दोन, म्हणजे बीजंही दोन’ हा तर्क फसवा. एकाच फलित बीजाची विभागणी पहिल्या ३ दिवसांत झाली, तर दोघांना दोन्ही आवरणं स्वतंत्र मिळतात. एकबीज जुळ्यांपैकी जवळजवळ एक तृतीयांश अशीच. ४ ते ८ दिवसांत झाली, तर कोरिऑन सामाईक आणि अ‍ॅम्निऑन वेगळं. त्याहून उशीर झाला की दोघं एकाच पाण्यात, आणि नाळा एकमेकींत गुंतण्याची धास्ती. जुळ्यांची सोनोग्राफी पहिल्या तिमाहीत करून घ्यायची ती यासाठी. पुढे हे पडदे ओळखणं अवघड जातं.

सिनेमात आधी पाणी वाहतं, मग कळा. प्रत्यक्षात बहुतेकींना आधी कळा येतात. पूर्ण दिवस भरलेल्यांपैकी सुमारे ८ ते १० टक्के बायकांचंच पाणी आधी जातं. ‘आता बाळंतपण कोरडं होणार’ ही भीतीही फोल, कारण बाळ पाणी बनवतच राहतं. खरा धोका जंतुसंसर्गाचा. म्हणून पाणी गेलं, नुसतं ठिबकू लागलं किंवा हिरवट दिसलं, तर कळांची वाट न पाहता लगेच रुग्णालय गाठावं.