थव्याला पुढारी नसतो

श्रोतेहो, जठारपेठेत बसून आज आपण समुद्रातल्या एका माशाबद्दल बोलू. प्रश्न मात्र तत्त्वज्ञानाचाच आहे: अनेकांचं 'एक' होतं, म्हणजे नेमकं काय होतं?

मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ प्रवाळ आहेत. १९८७ पासून तिथे सागरी अभयारण्य आहे. पाण्यात डोकं घातलं की सार्जंट मासा दिसतो. वीतभर लांब, चपटा, पाठीवर पिवळी झाक, अंगावर पाच काळे उभे पट्टे. फौजेतल्या सार्जंटच्या फितींवरून हे नाव पडलं. दिवसा हे मासे थव्यानं प्रवाळांच्या वर येतात, पाण्यात वाहत येणारे सूक्ष्म जीव टिपतात, खडकावरचं शैवालही खातात. रात्री कपारीत शिरतात.

आता बघा, अख्खा थवा एकदम वळतो, पण हुकूम कोणीच देत नाही. प्रत्येक मासा शेजाऱ्याला डोळ्यांनी बघतो आणि कुशीवरच्या संवेदी रेषेनं पाण्याची हालचाल ओळखतो. बस्स, एवढंच. मग शिकाऱ्याला त्यातला एक हेरणं अवघड जातं.

पण विणीच्या काळात हाच नर थवा सोडतो, निळसर होतो आणि खडकाला चिकटलेल्या अंड्यांवर एकटा पहारा देतो. म्हणजे 'एक' होणं हे विरून जाणं नव्हे.

या साऱ्याला आधार प्रवाळाचा. पाणी फार तापलं की तो पांढरा पडतो, आणि तसंच चालू राहिलं तर मरतो. मग कपारीही हळूहळू ढासळतात. म्हणून मालवणला गेलात तर माशांना पाव टाकू नका, त्यांचं अन्न त्यांना शोधू द्या. आणि प्रवाळावर पाय तर मुळीच देऊ नका.