सीचा प्रोग्राम नेमका अडतो कुठे?

टर्बो सीमध्ये बिनतक्रार चालणारा प्रोग्राम लिनक्सवर नेला की कम्पायलर पहिल्याच ओळींना हटकतो: 'कोनिओ डॉट एच' सापडत नाही. आपल्याकडच्या इंजिनीअरिंगच्या कित्येक पिढ्यांना हे ओळखीचं आहे. विद्यार्थी सी भाषेला बोल लावतात, पण तो अन्याय आहे. डेनिस रिची यांनी बेल लॅब्जमध्ये घडवलेल्या याच भाषेत १९७३ साली युनिक्सचा गाभा नव्यानं लिहिला गेला, म्हणूनच पुढे ती प्रणाली पीडीपी-११वरून इंटरडेटा ८/३२ या अगदी वेगळ्या बांधणीच्या यंत्रावर नेता आली.

अडचण येते ती पडद्यापाशी आणि कीबोर्डापाशी. १९८९ साली ठरलेल्या प्रमाण सीला फक्त अक्षरांचा प्रवाह कळतो. पडदा पुसणं, रंग बदलणं, एंटर न दाबता कळ वाचणं यांतलं काहीच त्यात नाही. ती उणीव टर्बो सी बनवणाऱ्या बोरलँडनं डॉससाठी 'कोनिओ डॉट एच'मधून आपल्या पद्धतीनं भरून काढली. युनिक्सचा मार्ग निराळा होता. आपण मात्र बोरलँडचे 'गेटच' आणि 'क्लिअर स्क्रीन' हे सीचेच भाग समजून पाठ केले.

याहून घातक चूक ती, जी कम्पायलरही दाखवत नाही. फॅक्टोरियलचा नेहमीचा प्रोग्राम घ्या. उत्तर साध्या 'इंट'मध्ये ठेवलं, तर ८चं फॅक्टोरियल टर्बो सी -२५२१६ सांगतो, कारण तिथे इंट १६ बिटांचा आणि त्याची मर्यादा ३२७६७. आजच्या जीसीसी कम्पायलरवर ४०३२० हे बरोबर उत्तर मिळतं, पण १३ला तोही कोलमडतो. 'लाँग' वापरूनही सुटका नाही: ६४ बिटांच्या लिनक्सवर तो ६४ बिटांचा, विंडोजवर ३२चाच. १९९९च्या प्रमाणानं आणलेल्या 'एसटीडीइंट डॉट एच'मध्ये नेमक्या रुंदीचे प्रकार आहेत, ते वापरावेत.

राहिलं पडद्याचं काम: ते वेगळ्या फाइलीत ठेवावं, म्हणजे प्रणाली बदलली की तेवढीच फाइल बदलावी लागते. युनिक्सवर एनकर्सेस आणि विंडोजवर पीडीकर्सेस ही ग्रंथालयं तर हे काम बव्हंशी एकाच मूळ कोडवर भागवतात.

शिक्षकांना एकच विनंती: पहिल्या प्रॅक्टिकलमधून 'कोनिओ डॉट एच' काढून टाका. बेरीज-वजाबाकी शिकायला पडदा पुसावा लागत नाही.