बाहुला बोलतो तरी कसा?

मैत्रिणींनो, महेश कोठाऱ्यांचा 'झपाटलेला' आला १९९३ साली. पण टीव्हीवर लागला की अजूनही मुलं रात्री एकटी पाणी प्यायला उठत नाहीत! मरता मरता तात्या विंचूचा आत्मा लक्ष्याच्या बाहुल्यात शिरतो, ही कथा. कल्पना १९८८ च्या 'चाइल्ड्स प्ले' या अमेरिकन चित्रपटाची.

तशी आपली नागपूरची मुलं भित्री नाहीत हो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी-पिवळी मारबत निघते, तेव्हा तो अक्राळविक्राळ पुतळा बघायला हीच मुलं बापाच्या खांद्यावर चढतात. पण मारबत उन्हात, गर्दीत असते आणि शेवटी जळते. बाहुला मात्र आपल्याच घरात, उशाशी!

नुसतं दटावून ही भीती जात नाही. त्यांना सांगा, हा बाहुला रामदास पाध्यांनी केला, अर्धवटरावही त्यांच्याच घरचा. मग जुन्या मोज्याला दोन बटणं शिवा, हात घालून बोलवा. ओठ न हलवता 'प', 'ब', 'म' म्हणताना कशी फजिती होते, ते मुलांनाच करू द्या. अगदी लहानग्यांना मात्र हा चित्रपट रात्री दाखवूच नये, दाखवायचाच तर दुपारी, आपण शेजारी बसून.