उपनगरी नगराचा पायी अभ्यास : अंबरनाथ आणि वालधुनी नदीचा काठ

प्रस्तावना

मुंबई–कर्जत लोहमार्गावरून रोज प्रवास करणाऱ्या असंख्य चाकरमान्यांना अंबरनाथ हे नाव एका स्थानकाचे नाव म्हणून परिचित असते. मुंबईपासून सुमारे ६० कि.मी. अंतरावरील या नगराची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार अडीच लाखांच्या घरात होती. नव्या गृहसंकुलांमुळे त्यानंतरही नगराचा विस्तार होत राहिला आहे. नगर वाढले, परंतु त्यात राहणाऱ्यांचा त्या भूमीशी असलेला परिचय वाढला असे म्हणता येत नाही. घर ते स्थानक आणि स्थानक ते कार्यालय एवढ्या मार्गापलीकडचे गाव बहुतेकांना अज्ञातच राहते. आपल्या महाविद्यालयांतील विद्यार्थीही याला अपवाद नाहीत.

प्रस्तुत लेखात वालधुनी नदीच्या काठाने आखलेल्या पदभ्रमंतीच्या आधारे एका उपनगरी नगराचा इतिहास, निसर्ग आणि समाजजीवन यांचा एकत्रित अभ्यास कसा करता येईल, याचे विवेचन करण्याचा प्रयत्न केला आहे.

अभ्यासक्रम आणि पदभ्रमंती

सर्वोच्च न्यायालयाच्या १९९१ च्या निर्देशांनंतर पर्यावरण शिक्षणाला औपचारिक अधिष्ठान मिळाले. विद्यापीठ अनुदान आयोगाने २००३ मध्ये पदवी स्तरासाठी जो सामायिक अभ्यासक्रम तयार केला, त्यातील शेवटचा घटक क्षेत्रकार्याचा होता. नदी, वन, माळरान वा डोंगर यांची नोंद करणे, परिसरातील एखाद्या प्रदूषित स्थळास भेट देणे, सामान्य वनस्पती, कीटक व पक्षी यांचा अभ्यास करणे आणि साध्या परिसंस्थांचे निरीक्षण करणे, अशी त्याची व्याप्ती होती. प्रत्यक्षात मात्र या घटकाची परिणती अनेकदा ग्रंथालयात बसून लिहिलेल्या प्रकल्पवहीत होते. दूरच्या अभयारण्याची सहल खर्चिक ठरते, तर जवळचा नाला अभ्यासाच्या योग्यतेचा वाटत नाही.

या अडचणीवर अंबरनाथसारखे नगर हेच उत्तर ठरू शकते. उपरोक्त चारही बाबी येथे एकाच नदीच्या काठी, पायी जाता येईल एवढ्या अंतरात उपलब्ध आहेत.

पहिला टप्पा : स्थानक ते शिवालय

भ्रमंतीचा आरंभ रेल्वे स्थानकापासून करणे सोयीचे आहे. कल्याण ते पळसदरी हा लोहमार्ग १८५६ मध्ये खुला झाला आणि या प्रदेशाच्या आधुनिक इतिहासास प्रारंभ झाला. पुढे विसाव्या शतकात आगपेट्यांचा ‘विमको’ कारखाना येथे आला. स्वातंत्र्यानंतर संरक्षण सामग्रीचे उत्पादन सुरू झाले आणि त्यापाठोपाठ औद्योगिक वसाहती वसल्या. आगपेट्यांचा कारखाना आता बंद पडला आहे. चौकांची व वस्त्यांची नावे, कामगारांच्या जुन्या चाळी आणि त्यांच्या शेजारी उभ्या राहिलेल्या उंच इमारती यांवरून चालता चालता या स्थित्यंतराचा क्रम लावता येतो. अर्थशास्त्राच्या व समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांस एवढे अंतरही बरेच काही शिकवून जाते.

स्थानकाच्या पूर्वेस सुमारे दोन कि.मी. अंतरावर वालधुनीच्या काठी शिलाहारकालीन शिवालय आहे. शिलाहार राजा छित्तराज याच्या काळात आरंभ झालेले हे मंदिर मुम्मुणीच्या काळात पूर्णत्वास गेले, असे अभ्यासक मानतात. मंदिरातील शिलालेखाचा काळ शके ९८२, म्हणजे इ.स. १०६०, असा निश्चित झाला आहे. एकोणिसाव्या शतकात हाच आकडा काहींनी प्रथम ७८२ असा वाचला होता. एका अंकाच्या वाचनाने दोनशे वर्षांचे अंतर पडते, ही गोष्ट इतिहासाच्या विद्यार्थ्यांस त्या दगडासमोर उभे करूनच सांगावी. साधनांची चिकित्सा म्हणजे काय, हे मग निराळे समजावून द्यावे लागत नाही.

हे मंदिर भूमिज शैलीचे असून त्याचे गर्भगृह सभामंडपाच्या पातळीपेक्षा बरेच खाली आहे. पायऱ्या उतरून तेथे जावे लागते. शिखराचा वरचा भाग आज अस्तित्वात नसल्याने गर्भगृहात थेट आकाशाचा उजेड पडतो. १८६८ मध्ये मुंबई सरकारने कलाशाळेच्या विद्यार्थ्यांकडून या मंदिराची रेखाटने व साचे करून घेतले होते. विद्यार्थ्यांनी स्थळावर जाऊन केलेल्या नोंदीची ही परंपरा येथे दीडशे वर्षांहून जुनी आहे, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

मंदिराचा काळा पाषाण बेसॉल्ट आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखीच्या उद्रेकांतून निर्माण झालेला हाच खडक नदीच्या पात्रात आणि समोरच्या डोंगरातही आढळतो. भूगोल आणि शिल्पकला या दोन विषयांची गाठ येथे आपोआप पडते.

दुसरा टप्पा : उगमाकडे

शिवालयापासून नदीच्या वरच्या अंगास काकोळे गावाच्या दिशेने निघाल्यावर वस्ती हळूहळू विरळ होत जाते. वालधुनीचा उगम याच परिसरातील डोंगरांत होतो. वाफेच्या इंजिनांच्या काळात रेल्वेसाठी पाणी साठवण्याकरिता येथे धरण बांधण्यात आले. स्थानिक लोक त्यास आजही ‘जीआयपी टँक’ म्हणतात. ग्रेट इंडियन पेनिन्शुला ही रेल्वे कंपनी इतिहासजमा झाली, पण तिची आद्याक्षरे तलावाच्या नावात टिकून राहिली आहेत.

निसर्गवाटेचा खरा भाग हाच होय. माघ–फाल्गुनात काटेसावर, पळस आणि पांगारा फुललेले असताना मैना, बुलबुल व सूर्यपक्षी यांची झाडांवर गर्दी असते. पक्षिनिरीक्षणाचा पहिला धडा देण्यास हा काळ उत्तम आहे. याच दिवसांत वाळलेल्या गवताला लागणाऱ्या वणव्यांच्या काळ्या खुणाही डोंगरउतारांवर दिसतात. त्यांचीही नोंद व्हावी. पाणथळ कडांवर वंचक, खंड्या व बगळे यांचा वावर असतो.

पावसाच्या पहिल्या सरींनंतर हे चित्र पालटते. ठाकूर व कातकरी स्त्रिया शेवळे, कुर्डू, टाकळा, कंटोळी अशा रानभाज्या बाजारात विक्रीस आणू लागतात. शेवळाच्या भाजीने घशास खाज सुटते, म्हणून ती काकडाच्या आंबट फळांसह शिजविली जाते. कोणती वनस्पती कोठे, केव्हा उगवते आणि ती खाण्यायोग्य कशी करावयाची, हे या स्त्रियांचे ज्ञान वनस्पतिशास्त्राच्या वर्गाने आदरपूर्वक ऐकण्याजोगे आहे. डोंगरउतार बांधकामाखाली गेले, तर शेवळ जाईल आणि त्याबरोबर हे ज्ञानही जाईल.

तिसरा टप्पा : प्रवाहाबरोबर खाली

या भ्रमंतीचा सर्वांत अवघड भाग नदीच्या खालच्या अंगास आहे. तीस कि.मी.हून थोड्या अधिक लांबीची ही नदी अंबरनाथ, उल्हासनगर व विठ्ठलवाडी ओलांडून कल्याणजवळ उल्हास नदीच्या खाडीस मिळते. या प्रवासात घरगुती सांडपाणी, उद्योगांतील रसायने आणि घनकचरा तिच्यात मिसळतो. नोव्हेंबर २०१४ मध्ये उल्हासनगर येथे टँकरमधून नदीत सोडलेल्या रसायनामुळे वायू पसरून शेकडो रहिवाशांना रुग्णालयात न्यावे लागले होते. २०१५ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने उल्हास व वालधुनी या नद्यांच्या प्रदूषणाबद्दल स्थानिक स्वराज्य संस्था आणि सांडपाणी प्रक्रिया केंद्रे यांना एकत्रितपणे सुमारे ९५ कोटी रुपये भरण्याचा आदेश दिला.

नदीकाठी राहणारी अनेक माणसे आज तिला ‘नाला’ म्हणतात. हा शब्द निरुपद्रवी नाही. एकदा नाला म्हटले की त्यात कचरा टाकणे स्वाभाविक वाटू लागते आणि त्याचे पात्र अरुंद करून भिंत बांधण्यासही कोणाची हरकत उरत नाही. २६ जुलै २००५ च्या महापुरात मात्र आपण नदीच आहोत, याची आठवण वालधुनीने काठावरील वस्त्यांना करून दिली होती. सकाळी काकोळ्याचे पाणी पाहिलेला विद्यार्थी दुपारी उल्हासनगरच्या पुलावर उभा राहतो, तेव्हा ही एकच नदी आहे हे त्याला स्वतःच्या पायांनी कळलेले असते.

अभ्यासपद्धती

एका भ्रमंतीतून अनुभव मिळतो, पुरावा मिळत नाही. त्यासाठी तीच वाट पुनःपुन्हा चालणे आवश्यक आहे. या दृष्टीने पुढील पद्धती सुचविता येईल.

१) धरणापासून कल्याणपर्यंत सहा ते आठ नोंदस्थळे निश्चित करावीत व ती दरवर्षी कायम ठेवावीत.

२) पावसाळ्याचा आरंभ, शरद ऋतू आणि वसंत ऋतू अशा तीन वेळा भ्रमंती करावी.

३) प्रत्येक स्थळी पाण्याचा रंग, गंध, सामू व विरघळलेला प्राणवायू, दिसलेले पक्षी व वनस्पती यांची नोंद करून एकाच कोनातून छायाचित्र घ्यावे.

४) मराठी, सिंधी, हिंदी अशा ज्या भाषा काठावर बोलल्या जातात, त्यांतून वृद्ध रहिवाशांच्या आठवणी संकलित कराव्यात. फाळणीनंतर आलेल्या निर्वासितांच्या छावणीस १९४९ मध्ये उल्हासनगर हे नाव मिळाले. त्या पिढीच्या नदीविषयीच्या आठवणी ऐकण्यास आता फार थोडा अवधी उरला आहे.

५) रसायनशास्त्र, वनस्पतिशास्त्र, इतिहास व भाषा विभागांनी एकच नोंदवही ठेवावी.

दक्षता

गट वीस विद्यार्थ्यांहून मोठा नसावा. खालच्या टप्प्यात पाण्याचा स्पर्श टाळावा व नमुने हातमोजे घालूनच घ्यावेत. अतिवृष्टीच्या दिवशी पात्राजवळ जाऊ नये. शिवालय हे संरक्षित स्मारक असून पूजेचे स्थानही आहे. तेथील मोजमाप परवानगीशिवाय करू नये. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे काठावरील वस्त्यांकडे प्रदर्शनातील वस्तूंप्रमाणे पाहू नये. तेथील रहिवासी प्रदूषणाचे पहिले बळी असतात. छायाचित्रापूर्वी त्यांची संमती घेणे आणि संकलित नोंदी त्यांनाही वाचून दाखविणे हे आपले कर्तव्य आहे.

समारोप

शिवालयाच्या दगडावरील एका नोंदीमुळे हजार वर्षांपूर्वीचा काळ आपण निश्चित करू शकतो. त्याच मंदिराच्या पायथ्याशी वाहणाऱ्या नदीत पन्नास वर्षांपूर्वी कोणते मासे होते आणि तिचे पात्र किती रुंद होते, हे सांगणारी सलग नोंद मात्र आपल्या महाविद्यालयांनी ठेवलेली नाही. वर्षातून तीनदा त्याच वाटेने चालणे एवढेच त्यासाठी करावयाचे आहे. प्राध्यापकाने वर्गाबाहेर पहिले पाऊल टाकले, तर विद्यार्थी मागे राहणार नाहीत. दहा वर्षांनी एखाद्या विद्यार्थिनीच्या हाती ती नोंदवही पडेल, तेव्हा वालधुनी हा नाला होता की नदी, या प्रश्नाचे उत्तर तिला अंदाजाने द्यावे लागणार नाही.