पोत्यावर देश, तराजूत नाही

पुण्याजवळ काळेवाडीत पवना नदीच्या काठच्या मोकळ्या प्लॉटवर पावसाळा सरता सरता गाजरगवत कमरेएवढं वाढतं. पुण्यात त्याची नोंद झाली ती 1955-56 च्या सुमारास. हे तण अमेरिकेच्या पीएल-480 कराराखालच्या गव्हातून आलं, असं आपल्याकडे घरोघरी सांगतात. पण तो करार ऑगस्ट 1956 चा आहे, आणि त्याआधी 1951 मध्येही अमेरिकेने कर्जाऊ गहू दिला होता. बी कुठल्याही जहाजातून उतरलेलं असो, बाहेरून आलेल्या धान्याबरोबर आणखी काय येतं हे तेव्हा विचारणार कोण? भुकेच्या काळात पोत्यावरचा देश वाचला जात नाही. 1972 च्या दुष्काळात रेशनवर मिळालेली लालसर मिलो ज्वारी अमेरिकेची, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तिच्या भाकरीची आठवण काढली की जुनी माणसं आजही तोंड वाकडं करतात. तरी ती खाल्ली, कारण दुसरं काही नव्हतं.

पहिला मोठा जाब विचारला तो मुंबईने. 26 एप्रिल 1986 रोजी चेर्नोबिलची अणुभट्टी फुटली, किरणोत्सारी धूळ युरोपभर पसरली. पुढच्या वर्षी युरोपीय समुदायाच्या मदतीतलं 200 टन आयरिश लोणी मुंबईत आलं. ऑपरेशन फ्लड या दूधविकास योजनेत अशा लोण्यातून आणि दूधभुकटीतून शहरांसाठी दूध तयार केलं जाई. एकदा ते पिशवीत गेलं की ग्राहकाला आयर्लंड दिसणार कुठून? डॉ. शिवराव शांताराम वागळे आणि त्यांचे सहकारी कोर्टात गेले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचलं. न्यायालयाने तज्ज्ञांची समिती नेमली, समितीने लोणी खाण्यास सुरक्षित ठरवलं आणि 1988 मध्ये याचिका फेटाळली गेली. कागदावर वागळे हरले. मला मात्र या सगळ्या इतिहासात तीच घटना सर्वांत मोलाची वाटते. फुकट मिळालेल्या अन्नाचीही चौकशी करण्याचा हक्क खाणाऱ्याला आहे, हे त्यांनी सरकारला भर कोर्टात ऐकवलं.

सप्टेंबर 2008 मध्ये चीनमधल्या बाळांच्या दुधात मेलामाइन हे रसायन सापडलं. सुमारे तीन लाख बाळं आजारी पडली. भारताने चिनी दूध आणि दुग्धजन्य पदार्थांवर बंदी घातली आणि ती मुदतीमागून मुदत वाढवत नेली. 2019 मध्ये तर बंदरांवरच्या प्रयोगशाळा मेलामाइन तपासण्याइतक्या सज्ज होईपर्यंत ती कायम ठेवायचं ठरलं. म्हणजे दहा वर्षांनंतरही आपला खरा भरवसा तपासणीवर नव्हता, पाटीवरच्या देशाच्या नावावर होता.

मधल्या काळात कायदा बदलला. अन्नसुरक्षा व मानके कायदा 5 ऑगस्ट 2011 पासून लागू झाला. आज नदीपलीकडे पिंपरी कॅम्पात परदेशी चॉकलेटचं पाकीट उलटून पाहिलं, तर मागे एक पांढरं स्टिकर चिकटवलेलं दिसतं: आयातदाराचं नाव-पत्ता, परवाना क्रमांक, शाकाहाराचा हिरवा ठिपका. मूळ देशाचं नावही पाकिटावर लागतंच. दुसऱ्या देशात प्रक्रिया होऊन पदार्थाचं स्वरूपच बदललं, तर तो दुसरा देश मूळ देश धरतात. न्हावाशेवा बंदरातून माल सुटताना टिकण्याच्या मुदतीपैकी 60 टक्के किंवा तीन महिने, यांत जे कमी असेल तेवढी मुदत शिल्लक हवी. स्टिकर नसेल तर ते पाकीट घेऊ नका, मग कितीही स्वस्त असो.

पण चॉकलेट रोज कोण खातं? काळेवाडीतल्या चाळीत, भाड्याच्या खोलीत रोज शिजते ती डाळ. मोझांबिक, टांझानिया, म्यानमारची तूर, कॅनडा-ऑस्ट्रेलियाची मसूर. मोझांबिकशी तर 2016 मध्ये तुरीचा करारच झाला. बंदरावर उतरलेल्या पोत्यावर देश छापलेला असतो. पुढे ती तूर गिरणीत भरडली जाते, नव्या पोत्यात भरली जाते, आणि दुकानदार त्यातून पाव किलो काढून कागदी पुडीत बांधतो तेव्हा देश कुठेच उरत नाही. लेबलचे नियम पाकीटबंद मालाला. सुट्या मालाला ते लागत नाहीत. ज्याला परदेशी पाकीट परवडतं त्याला माहिती मिळते, आणि पगार होईपर्यंत सुटं घेणारा कामगार अंधारात राहतो. हा अन्याय मला सहन होत नाही.

ही काळजी पोकळ नाही. काही देशांत कापणीआधी पीक एकसारखं सुकावं म्हणून ग्लायफोसेट हे तणनाशक फवारतात. 2018 मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने आयात डाळींत त्याचे अंश तपासायला सांगितले. आपली स्वतःची मर्यादा नव्हती, म्हणून कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकांची लावली.

देश समजला की माणूस निवड करतो. मे 2025 मध्ये पुण्याच्या फळव्यापाऱ्यांनी तुर्कीची सफरचंदं घ्यायची नाहीत असं ठरवलं, ग्राहकांनीही साथ दिली. कारण राजकीय होतं, पण सफरचंद तुर्कीचं आहे हे कळलं म्हणूनच ते शक्य झालं. किराणा दुकानात तांदळाच्या ढिगात ‘इंद्रायणी’, ‘कोलम’ अशी पुठ्ठ्याची पाटी भावासकट खोचलेली असते. तुरीच्या आणि मसुरीच्या पाटीवर भावाखाली देशाचं नाव लिहायला खडूचा एक तुकडा पुरेल. हे दुकानदाराच्या मर्जीवर न सोडता सुट्या मालालाही सक्तीचं करावं, आणि गिरणीच्या बिलावर देश लिहिण्यापासून त्याची सुरुवात करावी.