मूठ फिरतेय ना, आधी बघा

घरातला जुना रोलचा कॅमेरा मी शिकायला घेतला. पहिल्या रोलवर जात्यावर बसलेल्या सासूबाईंचे फोटो काढले. आकडा ३६ पर्यंत गेला, पण रोल धुऊन आला तो कोरा! खटका ओढला की आकडा पुढे जात होता, आत रोल मात्र जागचा हललाच नव्हता. सासूबाई आता नाहीत. म्हणून ही चूक सांगते.

रोलची जीभ उजवीकडच्या रिळाच्या खाचेत घाला. कडेची भोकं दात्यांवर बसली की झाकण लावा. डावीकडची मूठ बाणाच्या दिशेने हलकेच फिरवून रोल ताठ करा. मग खटका ओढा. मूठ आपोआप उलटी फिरली, तर रोल सरकतोय. नाही फिरली, तर पुन्हा बसवा.

डबीवर १०० लिहिलं असेल, तर कडक उन्हात भिंग १६ वर आणि वेग १२५ वर ठेवा. सावलीत भिंग ५.६ वर आणा.

रोल संपला की खालचं बटण दाबून तो पूर्ण डबीत गुंडाळा, मगच झाकण उघडा. उजेड लागला तर काढलेले फोटो जातात.

आणि मूठ फिरलेली पाहिल्याशिवाय पहिला फोटो काढू नका.